न वाजलेली घंटा

चर्चची घंटा बिघडली तर ते साऱ्या गावाला कळते. ठरलेल्या वेळी तिचा नाद कानी पडला नाही, की भाविक एकमेकांना विचारू लागतात आणि मिस्सा सुरू होण्यापूर्वीच कोणीतरी दोर तपासायला मनोऱ्याकडे गेलेला असतो. दूरध्वनीच्या घंटेचे तसे नाही. ती वाजली नाही, तर कोणाला आपली आठवण झाली नाही असे समजून आपण स्वस्थ बसतो. दहा जणांनी आठवण काढूनही ती वाजू शकली नसेल, ही शंका सहसा मनाला शिवत नाही. ज्याच्या घरी दूरध्वनी आहे त्याला या दोन शांततांमधला भेद कळत नाही. तो फक्त पलीकडच्याला कळतो. इंटरनेटवरून चालणारा नवा दूरध्वनी आमच्या धर्मगुरुनिवासात आला, त्यानंतरच्या काही महिन्यांत या भेदाचा जो अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वसईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे धर्मग्राम म्हटले की चर्चच्या आवतीभोवती दाटीने वसलेली वाडी उभी राहते. आमच्याकडे चित्र निराळे आहे. येथे कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. एक घर शिक्षकाचे, दुसरे परिचारिकेचे, तिसरे पंचवीस किलोमीटरवरच्या खेड्यात सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे. रविवारी जी मंडळी एकत्र येतात, ती आठवड्याचे उरलेले सहा दिवस एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात नसतात. अशा ठिकाणी दूरध्वनी म्हणजे धर्मगुरुनिवासाचे दुसरे दारच. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला मुलाच्या शाळेविषयी सल्ला हवा असतो; आणि कधी रात्री-अपरात्री अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रुग्णाभ्यंगाचा संस्कार हवा असतो. पहिल्या दोन कामांना उद्याचा दिवस चालतो. तिसऱ्याला चालेलच असे नाही.

पूर्वी आमच्याकडे तांब्याच्या तारेवरचा जुना दूरध्वनी होता. रस्त्यांच्या रुंदीकरणात ती तार वरचेवर तुटू लागली, आणि अखेरीस दुसऱ्या एका कंपनीची काचतंतूची जोडणी घेण्याचे ठरले. भिंतीवर एक पांढरी पेटी बसली, तिला जुनेच उपकरण जोडले गेले, आणि नवा क्रमांक मिळाला. जुना क्रमांक पुढे चालवावा अशी आमची इच्छा होती. मोबाईलधारकाला कंपनी बदलूनही क्रमांक तोच राखण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली आहे. घरातील स्थिर दूरध्वनीला मात्र ती नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी बसलेले सहा अंक गेले आणि त्यांच्या जागी नवे सहा अंक आले. मिस्सानंतर तशी सूचना दिली, फलकावर क्रमांक लिहिला. आम्ही येथून लावलेले बरेचसे फोन लागत होते. एकंदरीत सारे सुरळीत आहे असे दिसत होते.

एके दिवशी पहाटे मालेगाव तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुण मोटारसायकलवरून आला. त्याचे वडील फार दिवसांपासून आजारी होते. दारातच तो म्हणाला, "फादर, रातभर फोन लावून राह्यलो जी. ते बाई काहीतरी बोलते अन् फोन बंद पडते." आम्ही तत्काळ त्याच्यासोबत निघालो. म्हातारबाबा शुद्धीवर होते. संस्कार झाला, त्यांनी क्रुसाची खूण केली, पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारले, आणि आठवडाभराने ते शांतपणे देवाघरी गेले. त्या पहाटे त्यांच्या पत्नीने आमच्यापुढे चहाची कपबशी ठेवत सहज म्हटलेले एक वाक्य मात्र आमच्या मनात रुतून बसले. माउली म्हणाली, "पोराले म्हटलं, बाबू, फादर दमले असन. आपल्यासारख्याचा फोन रातच्याले कोण उचलते?"

त्या वाक्यात तक्रार नव्हती, रागही नव्हता. फोन लागत नाही याचा तिने लावलेला अर्थ तेवढा त्यात होता. यंत्राचा दोष तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला ठाऊक होती माणसांची रीत. आयुष्यभर कचेऱ्यांच्या आणि दवाखान्यांच्या दारांत ताटकळलेल्या माणसाला, बंद दार म्हणजे आपल्यासाठीच बंद ठेवलेले दार, असे वाटते. आम्ही विचार केला, की असा अर्थ मनात ठेवून आणखी किती जण गप्प बसले असतील? ज्यांच्या घरी मोटारसायकल नाही, त्यांनी काय केले असेल?

त्यानंतर आम्ही एक वही घातली. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त मुख्याध्यापक आणि तंत्रनिकेतनात शिकलेला एक तरुण असे दोघे मदतीला आले. वहीत चार रकाने आखले: फोन कोणी व कोणत्या कंपनीच्या क्रमांकावरून केला, नेमके कोणते अंक दाबले, पलीकडून काय ऐकू आले, आणि दिवस व वेळ. रविवारी मिस्सा संपल्यावर प्रत्येकाने चर्चच्या आवारात उभे राहून स्वतःच्याच फोनवरून आमचा क्रमांक लावायचा आणि जे घडेल ते लिहायचे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे गुरुजींनी लिहून घेतले. पहिल्याच रविवारी वहीची दोन पाने भरली. एकच म्हणून वाटणारा बिघाड प्रत्यक्षात चार-पाच निरनिराळ्या कारणांचा गुंता आहे, हे तेव्हा दिसू लागले.

पहिले कारण अंकांचे. जुन्या काळी वाशीम शहरातल्या शहरात सहा अंक फिरवले की काम होई, कारण तेथील केंद्राला आपले गाव ठाऊक असे. मोबाईलला असे गाव नसते. मोबाईलवरून स्थिर दूरध्वनी लावायचा तर आधी शून्य, मग वाशीमचा संकेतांक ७२५२ आणि मग सहा अंक, असे सारे दाबावे लागते. चर्चच्या फाटकाशी उभे राहून पन्नास पावलांवरचा आमचा फोन लावणाऱ्यालाही त्यातून सुटका नाही. काहींनी नुसते सहा अंक दाबले होते. काहींनी संकेतांक घातला पण शून्य गाळले. तसे केल्यावर जो दहा अंकी क्रमांक होतो तो सातने सुरू होतो, आणि यंत्राला तो कोणाचा तरी मोबाईल वाटण्याचा संभव असतो. जिल्हा एक असला तरी संकेतांक एक नाही, हाही गोंधळ होताच. स्थानिक दूरध्वनी क्षेत्रे साधारणपणे तालुक्यांच्या हद्दीने आखलेली आहेत. त्यामुळे कारंज्याचा संकेतांक वाशीमहून वेगळा, आणि अकोल्याचा ०७२४ तर आणखी वेगळा.

आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या फोनांतही शून्याचाच खेळ होता. १५ जानेवारी २०२१ पासून देशात कोठल्याही स्थिर दूरध्वनीवरून मोबाईल लावताना आधी शून्य दाबणे सक्तीचे झाले आहे. दूरसंचार विभागाने तसा आदेश २० नोव्हेंबर २०२० रोजी काढला होता. त्यामागचे कारण समजून घेतले तर नियम जाचक वाटत नाही. केंद्रातील यंत्र पहिल्या अंकावरूनच ओळखते, की हा जवळचा सहा अंकी क्रमांक आहे की दूरचा दहा अंकी. आरंभीचे काही अंक स्थिर दूरध्वनीसाठी राखून ठेवावे लागत असल्याने मोबाईलसाठी नवे क्रमांक कमी पडू लागले होते. शून्याची खूण आधी दिली की ही अडचण दूर होते. या एका बदलामुळे सुमारे २५४ कोटी ४० लाख जादा क्रमांक उपलब्ध होतील असे सांगण्यात आले होते. तथापि आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर दूधवाल्याचा, नळदुरुस्ती करणाऱ्याचा आणि धर्मभगिनींच्या मठाचा क्रमांक शून्यावाचूनच लिहिलेला होता. आचारीदादा रोज तो लावत, लागला नाही की आपल्या मोबाईलवरून बोलत, आणि त्याविषयी कोणाला काही सांगत नसत. शहरातील दुसऱ्या स्थिर दूरध्वनीसाठीही आमच्या नव्या सेवेत संकेतांकासह पूर्ण क्रमांक लावावा लागतो, हेही वहीमुळेच उमगले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनाला जी शिफारस केली, तिच्यात स्थिर दूरध्वनीवरून स्थिर दूरध्वनी लावताना सर्वत्र शून्य व संकेतांक घालण्याची पद्धत सुचवली आहे. तेव्हा पूर्ण क्रमांक लिहिण्याची आणि लावण्याची सवय आजच लावून घेतलेली बरी.

दुसरे कारण अधिक चमत्कारिक होते. वहीतील पहिला रकाना पाहताना गुरुजींच्या लक्षात आले, की एका विशिष्ट कंपनीच्या मोबाईलवरून केलेला एकही फोन लागलेला नाही. इतर कंपन्यांचे मात्र, अंक बरोबर असतील तर, लागतात. हा दोष आमच्या उपकरणाचा असूच शकत नव्हता. एखाद्या कंपनीला क्रमांकांची नवी मालिका मिळते, तेव्हा देशातील इतर सर्व कंपन्यांनी आपापल्या यंत्रांच्या कोष्टकांत तिची नोंद करावी लागते. ती जेथे झालेली नसेल तेथील यंत्र म्हणते, असा क्रमांक अस्तित्वातच नाही. गावात नवी वसाहत उभी राहावी आणि पोस्टमनला तिचा पत्ता कोणी सांगू नये, तसा हा प्रकार. आम्ही ज्यांच्याकडून सेवा घेतो त्यांच्या तक्रार केंद्राकडे प्रथम दाद मागितली, तेव्हा पेटी बंद करून पुन्हा चालू करा, एवढेच उत्तर मिळाले. तंत्रनिकेतनवाल्या तरुणाने मग वहीतील नोंदी नीट उतरवून पाठविल्या: अमुक क्रमांकावरून, अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटांनी, हे शब्द ऐकू आले. अशा पाच नोंदी एकत्र पाहिल्यावर पलीकडच्या अभियंत्यालाही काम सोपे झाले. काही दिवसांत त्या कंपनीचे फोन येऊ लागले. तक्रार करताना मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवावा. केंद्राकडून निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तेथे तो क्रमांक कामी येतो.

तिसरे कारण वेळेच्या रकान्यात सापडले, आणि त्या पहाटेचा उलगडाही तेथेच झाला. जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर विजेचाही पुरवठा होत असे. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्टचा दाब तारेवर येई, म्हणून गावातील दिवे गेले तरी फोन जिवंत राही. काचतंतूतून येतो तो प्रकाश. त्याने घंटा वाजत नाही. भिंतीवरच्या पेटीला घरातीलच वीज लागते. ती गेली की पेटी निजते आणि तिच्याबरोबर फोनही. त्या रात्री वादळी पाऊस झाला होता, शहराचा अर्धा भाग अंधारात होता. आता पेटीसाठी लहानशी बॅटरी बसविली आहे. ती किती तास टिकते हे घड्याळ लावून पाहिले आहे, आणि तिच्या मर्यादेपलीकडची वेळ गाठण्यासाठी धर्मगुरुनिवासाचा एक मोबाईल क्रमांकही सर्वांना दिला आहे.

चौथी अडचण कानांची होती. फोन लागे, पण एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोहोचत नसे. इंटरनेटवरून जाणारा आवाज अखंड धारेसारखा वाहत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, बहुधा एका सेकंदात पन्नास, आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहून तो स्वतंत्रपणे रवाना होतो. दुसऱ्या टोकाला ते पुन्हा क्रमाने जुळविले जातात. ज्या संकेतप्रणालीने असे बरेचसे फोन जोडले जातात ती जून २००२ मध्ये सध्याच्या रूपात प्रसिद्ध झाली. तिच्यात फोन करणाऱ्या यंत्राने पाठवायच्या पहिल्या संदेशाचे नावच 'निमंत्रण' असे आहे. आणि निमंत्रण पोहोचावे म्हणून प्रत्येक फोनने ठरावीक काळाने आपल्या मध्यवर्ती यंत्राकडे नोंदणी करून, मी अमुक ठिकाणी आहे, असे कळवत राहावे लागते. आमच्याकडे पांढऱ्या पेटीच्या पुढे कोणीतरी वायफायसाठी दुसरी पेटी जोडली होती आणि फोन तिच्यातून नेला होता. पत्ता लिहिण्याचे काम दोन्ही पेट्या करू लागल्या आणि आवाजाचे तुकडे वाट चुकू लागले. फोन सरळ पहिल्या पेटीला जोडताच दोन्ही बाजू बोलू लागल्या.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला? आज लहान मुलाच्याही हाती मोबाईल आहे. ते खरेच आहे, तथापि मोबाईल ज्याच्या खिशात असतो त्याचा असतो. धर्मगुरूची बदली झाली की तो त्याच्यासोबत जातो. धर्मगुरुनिवासाचा फोन त्या जागेचा असतो. नवा धर्मगुरू आला तरी आजीबाईला नवे काही शिकावे लागत नाही. आमच्या देशात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तरी येथील साध्या फोनशी आणि मोबाईलशी त्याची गाठ घालून देण्याची वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. त्याच वर्षी जुलैत भारत संचार निगमने 'विंग्ज' या नावाने तशी सेवा जाहीर केली. म्हणजे ही व्यवस्था अजून कोवळी आहे. तांब्याच्या तारा जसजशा निघतील तसतशी ती आपल्या शाळांत, दवाखान्यांत, मठांत आणि घरांत येणारच. तिच्या स्वभावाशी ओळख करून घेतलेली बरी.

या ओळखीतून आमच्या मनावर एक गोष्ट बिंबली. पूर्वीच्या यंत्राला शेजार ठाऊक होता. त्याआधी ट्रंक कॉलच्या काळात तर केंद्रावर बसलेल्या माणसालाच ठाऊक असे, की डॉक्टर आज कोणाच्या घरी गेले आहेत. नव्या यंत्राला वाशीमची गल्ली आणि परदेशातील शहर सारखेच दूर आणि सारखेच जवळ. आमच्या फाटकापासून आमच्या खोलीपर्यंत येणारा आवाजही कोठल्या तरी मोठ्या शहरातील यंत्राला वळसा घालून येतो. शेजार जपण्याचे जे काम यंत्राने सोडले ते माणसांनी उचलले पाहिजे. आमच्या फलकावर आता क्रमांक शून्यापासून शेवटच्या अंकापर्यंत पूर्ण लिहिलेला आहे. तशाच चिठ्ठ्या घरोघरी वाटल्या, आणि युवक संघाच्या मुलांनी वृद्धांच्या मोबाईलमध्ये तो स्वतः साठवून दिला. साठविल्यावर लगेच लावून पाहायचा आणि आमच्याकडची घंटा त्यांना ऐकवायची, असा नेम ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही अजूनही बाहेर निघते.

मालेगावकडील त्या माउलीच्या घरीही एक मुलगा गेला होता. फोन लागला, आम्ही उचलला. क्षणभर पलीकडून काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "काही काम नव्हतं जी फादर. लागते का, पाहून राह्यली होती." आम्ही म्हणालो, असेच पाहत जा.

वाचकांना एवढीच विनंती करावीशी वाटते. आपल्या घरी असा नवा दूरध्वनी आला असेल तर स्वतःच्या महागड्या मोबाईलवरून तो तपासून समाधान मानू नका. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या हाती तिचाच साधा फोन द्या, अंक तिलाच दाबू द्या, आणि बाजूला उभे राहून पाहा. दिवे घालवून एकदा पाहा. निरनिराळ्या कंपन्यांच्या क्रमांकांवरून पाहा. संकटकाळच्या ११२ आणि रुग्णवाहिकेच्या १०८ या क्रमांकांची अशी परीक्षा मात्र घेऊ नका. खऱ्या गरजेच्या वेळी ते लावाल तेव्हा गाव आणि तालुका आधी सांगा, कारण आपण कोठून बोलत आहोत हे यंत्र सांगेलच याची खात्री नसते. आणि कोणी बऱ्याच दिवसांत फोन केला नाही असे जाणवले, तर त्याच्याविषयी काही ग्रह करून घेण्याआधी आपणच त्याला एक फोन करावा; शून्य लावून.